कानात वाजणाऱ्यांच्या बाई

आमच्या बाईंच्या दवाखान्यात येताना पेशंटला जेवणाचा डबा आणावा लागायचा. बाहेर पाटी ‘कान, नाक, घसा’ अशीच होती, पण बाकावर बसलेल्या माणसांच्या मांडीवर फायलींपेक्षा डबेच जास्त दिसायचे. नवीन माणूस आधी बिचकायचा. त्याला वाटायचं, इथं दिवसभर बसवून ठेवतात की काय. मग आत गेल्यावर कळायचं, की डॉक्टरीणबाई समोर ताटली मांडून त्याच्याच डब्यातलं त्याच्याबरोबर खाणार आहेत.

हे सगळ्यांसाठी नव्हतं. घसा धरलेला माणूस औषध घेऊन सुटायचा. कानात शिट्टी वाजते, रातकिडे ओरडतात, गिरणी चालते असं सांगत जो यायचा, डबा त्याच्यासाठी. मी बाईंकडं कान तपासायच्या यंत्रावर होते. काचेच्या बंद खोलीत पेशंटला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा, बारीकमोठे आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं, एवढं माझं काम. पण वाजणाऱ्या कानाचा पेशंट आला, की माझ्या टेबलावरचे कागद आवरून तिथं ताटल्या, पाण्याचे पेले मांडायचं कामही माझ्याच गळ्यात पडायचं. माझा कोर्स चालू असताना हे काही कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला मी जाम वैतागायचे.

बाई दिसायलाही काही साध्या नव्हत्या. ठसठशीत इरकल साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि अंबाड्यात खोवलेला कानाचा चिमटा. कोपरावर आपटला की जो घुमत राहतो, तो. नवीन बायकांना वाटायचं, डॉक्टरीणबाईंचा हा काहीतरी जुना दागिना आहे. ऐन वेळी बाई तो चिमटा टेबलावर, ड्रॉवरमध्ये, माझ्या टेबलाखाली, सगळीकडं शोधायच्या. त्या दिवशी माझ्यावर ओरडल्या असतील, तर मी थोडा वेळ शोधू द्यायचे.

ओरडायच्या मात्र फार. पेशंटवर, नातेवाइकांवर, माझ्यावर, औषधकंपनीच्या प्रतिनिधींवर. एकदा एक शिक्षक पुण्याहून डोक्याचे फोटो काढून आले होते. कानात सतत समुद्र गाजतोय म्हणत होते. बाईंनी फोटो बाजूला ठेवले, कानात दिवा धरला आणि त्या शिक्षकांवर अशा काही बरसल्या, की बाहेरची माणसं उठून उभी राहिली. कानात मळाचा दगड झाला होता. एवढ्या मोठ्या यंत्रात झोपून आलात, पण कुणाला कानात वाकून बघायला सांगितलं नाहीत का, असं त्या विचारत होत्या. मळ काढल्यावर ते शिक्षक खुर्चीतच हसायला लागले, आणि मग बाईही.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. पेशंट म्हणायचा, काहीतरी गोळी द्या आणि हे वाजणं बंद करा. बाई विचारायच्या, “घरी कुकर आहे की नाही? शिट्टी वाजायला लागली तर शिट्टीवर फडकं दाबून धरता का खालचा गॅस बघता?” बायकांना हे लगेच पटायचं. पुरुषांना गॅस कुठं असतो तिथपासून सांगावं लागायचं, असं बाई म्हणत. मग गॅस बघणं सुरू व्हायचं. रक्त कमी आहे का, ब्लडप्रेशर वाढलंय का, थायरॉइड बिघडलंय का, मान आखडलीय का, दुसऱ्या कुठल्या दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का. आणि हे सगळं विचारून झालं, की डबा.

डबा कशासाठी, ते मला शहराच्या पूर्व भागातल्या एका बाईमुळं कळलं. विड्या वळणारी, तेलुगू बोलणारी, पन्नाशीची. तिच्या उजव्या कानात टिकटिक व्हायची, आणि चार ठिकाणी दाखवूनही कानात काही सापडत नव्हतं. तिच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे दातांची परीक्षाच. बाई म्हणाल्या, खा. ती खायला लागली, तशा बाई तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही कानांच्या पुढं एकेक बोट टेकवून डोळे मिटून घेतले. ती बिचारी लाजून चावायची थांबली. “खा की गं, मला ऐकू दे,” बाई म्हणाल्या. मग विचारलं, “नोप्पि उंदा?” दुखतंय का, एवढं तेलुगू बाईंना येत होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी अर्धा पूर्व भाग तपासला होता. ती म्हणाली, “लेदु.” दुखत नव्हतं. पण डाव्या बाजूची दाढ तुटलेली असल्यामुळं ती कितीतरी दिवस एकाच बाजूनं चावत होती, आणि जबड्याची उजवी बिजागरी प्रत्येक घासाला करकरत होती. बाईंनी माझंही बोट तिथं टेकवून दाखवलं. मग तिला दातांच्या डॉक्टरांकडं पाठवलं, आणि तोवर भाकरी दुधात कुस्करून खायला सांगितली. दाढ दुरुस्त झाली, जबड्याचे व्यायाम झाले आणि काही महिन्यांनी ती सांगायला आली, की टिकटिक आता आठवण काढली तरच येते.

सगळ्यांचं असं व्हायचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. यंत्रमागावर जन्म काढलेली माणसं यायची. त्यांच्या वाजण्याचं कारण शोधायला लागायचंच नाही, ते त्यांच्या मोठ्यानं बोलण्यातच कळायचं. त्यांना बाई खोटी आशा लावत नसत. जे गेलंय ते परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळू, असं समजावून सांगायच्या. कानात घालायची बुचं द्यायच्या, झोपताना पंखा चालू ठेवा म्हणायच्या, ऐकण्याचं यंत्र लावून बघायला सांगायच्या. अशा माणसांवर त्या कधी ओरडल्या नाहीत.

दवाखान्यात एका शब्दाला मात्र बंदी होती. ‘वय’. “वयोमानानुसार” असं कुणी म्हटलं, की त्या दिवसाचा चहा त्यानं करायचा. मी कितीदा केला असेल. सत्तरीचा माणूस आला आणि मी रिपोर्ट देताना सवयीनं तोंडातून काढलं, की बाई स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडं बोट दाखवायच्या. त्यांचं म्हणणं, वय हे कारण नाही, ते शोधायचा कंटाळा आलाय याची ती कबुली आहे. मला हा त्यांचा हट्ट वाटायचा.

आणि हा शब्द एकदा त्या स्वतःच बोलल्या.

तो रविवार होता. बाहेरगावच्या लोकांसाठी बाई रविवारी सकाळी दवाखाना उघडायच्या. मंगळवेढ्याच्या पुढं, सांगोल्याच्या बाजूला राहणारे एक म्हातारे मेंढके आले होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, उंच, वाळलेले. बरोबर मुलगा होता. तो चिंचोळी एमआयडीसीत कामाला, त्याला सुट्टी तेवढी त्या दिवशी. म्हाताऱ्यांच्या दोन्ही कानांत काही महिन्यांपासून एकसारखी शिट्टी वाजत होती.

“मेंढरं घुंगरानं कळत्यात, बाई,” ते सांगत होते. “आंदारात बघायचं नसतं, ऐकायचं असतं. आता मला घुंगरू आन् ही शिट्टी येगळी काढता येत न्हाय.”

मुलानं पुढचं सांगितलं. मेंढरं ज्या जाळीच्या कुंपणात बसवतात त्या वाघरीत लांडगा शिरला होता. म्हातारे शेजारीच निजलेले होते, पण त्यांना काही ऐकू आलं नाही. कोकरं गेली. तेव्हापासून मुलगा मेंढरं विकून टाका म्हणून मागं लागला होता. त्याचंही चुकत नव्हतं. तो आठवडाभर कारखान्यात, घरी म्हातारे आणि सून.

“कान बरा झाला तर न्हाय इकनार,” म्हातारे म्हणाले. “न्हाय झाला तर मग काय राखायची.” एवढं बोलून त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

बाईंनी सगळं बघितलं. मळ नाही, पडदा ठीक, ब्लडप्रेशर ठीक. गोळ्या काही घेता का, असं दोनदा विचारलं. म्हाताऱ्यांना तो प्रश्न अपमानाचाच वाटला. “जल्मात गोळी गिळली न्हाय मी. गोळ्या खानारा मानूस मेंढरामागं फिरत न्हाय.” मी यंत्रावर तपासलं. दोन्ही कानांचं ऐकणं सारखंच थोडं कमी झालं होतं. डबा नव्हता, कारण म्हाताऱ्यांचा रविवारचा उपास होता. बाहेर रांग लागलेली, बाईंना स्वतःला ताप होता. त्यांनी माझा कागद पाहिला, रक्त तपासायला लिहून दिलं आणि म्हणाल्या, “बाबा, वयानं होतं असं. थोडी सवय करून घ्या.”

मी चमकून बघितलं. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. म्हातारे उठले, पटका बांधला, नमस्कार केला आणि गेले.

नंतर रक्ताचा रिपोर्ट आला, तोही चांगला. त्या दुपारी आम्ही दोघी जेवत होतो. बाईंचा हात घासासकट थांबला. “त्या मेंढकेबाबांचा डबा आपण बघितला नाही गं,” त्या म्हणाल्या. मी सांगितलं, उपास होता. “म्हणजे रोजचं खाणंपिणं बघितलंच नाही. आणि मी वय म्हणाले ना त्यांना?” त्या उठल्या आणि आधी कोपऱ्यात जाऊन चहा केला. दोन कप. माझ्यासमोर एक ठेवताना त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की मला तो चहा जाईना.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आता काय उपेग, म्याडम. आबांनी शब्द दिलाय. येपारी उद्या टेंपू घिऊन येनार हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना बंद. बाई स्वतः गाडी चालवत होत्या, आणि मी देवाचं नाव घेत शेजारी बसले होते. मंगळवेढा मागं पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती काळी रानं, मग माळ. मी वाटेत एकदा विचारलं, काही सापडलं नाही तर? बाई म्हणाल्या, “तर निदान माफी मागून येऊ. पोस्टानं थोडीच मागता येते.”

पोचलो तेव्हा टेंपो यायचा होता. पत्र्याचं घर, पुढं लिंबाचं झाड, पलीकडं वाघरीत मेंढरं. मुलानं रजा घेतली होती. म्हातारे खाटेवर बसले होते, आम्हाला बघून उठून उभे राहिले. बाई म्हणाल्या, “बाबा, तुम्ही सकाळी जे खाता ते मला द्या. त्याच भांड्यातलं.”

सुनेनं दोन वाट्या भरून हुलग्याचं माडगं आणून ठेवलं. आमच्याकडं कष्टाच्या माणसाला हुलग्याच्या पिठाची ही पातळ, गरम पेज देतात. एक वाटी म्हाताऱ्यांच्या रोजच्या पातेल्यातली, दुसरी घरातल्यांच्या. बाईंनी दुसरी माझ्याकडं सरकवली आणि पहिली उचलली. ते बघून सून पुढं झाली, “बाई, ते नगं, ते गार झालंया,” असं काहीतरी म्हणाली. बाईंनी एक घोट घेतला. तोंडात थोडा घोळवला. मग वाटी खाली ठेवून म्हणाल्या, “छान आहे. मला चूल दाखव बरं तुझी.”

आत गेल्यावर सुनेनं काही विचारायची वाटच बघितली नाही. पत्र्याच्या डब्यामागून तिनं कागदाची पुडी काढली. दुखण्यावरच्या साध्या गोळ्या, बाजाराच्या गावातल्या दुकानातून आणलेल्या. गेल्या उन्हाळ्यापासून म्हाताऱ्यांचे गुडघे धरले होते. रानात बसले की उठता यायचं नाही, आणि गोळी तर घेणार नाहीत. “मेंढरामागं जायाचं बंद झालं आसतं तर मामा जगलंच नसतं, बाई. म्हून मी वाटून माडग्यात घालती. आदी एक घालायची. मग त्येनं भागंना म्हून वाढवत गेली.” तिनं पुडी बाईंच्या हातात दिली. “लांडगा आला तवाच मला वाटलं, ह्येनंच तर न्हाय? पर सांगायची छाती हुईना.”

मी बाईंकडं बघितलं. आता बरसणार, असं मला वाटलं. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. या गोळ्या एवढ्या झाल्या की कान वाजतात, आणि सोडल्या की बहुतेक वेळा वाजायचे थांबतात, असं अगदी हळू समजावून सांगितलं. बरं, हे पोटालाही वाईट. “पण तू माया केलीस. माझ्यासारखं घाईनं हात झटकून मोकळी नाही झालीस. आता बाहेर कुणी सांगायचं, मी का तू?”

बाहेर टेंपोचा आवाज आला. सून म्हणाली, “मीच सांगती.”

व्यापारी अंगणात उभा होता. परक्या माणसासमोर, नवऱ्यासमोर, पदर डोक्यावर घेऊन तिनं सांगितलं. मुलगा एकदम उसळला, “आबाला इख घालत हुतीस व्हय गं?” बाई मध्ये पडणार, तेवढ्यात म्हाताऱ्यांनी हात वर केला.

“गप.” मग सुनेला विचारलं, “गुडघं दुखायचं थांबलं हुतं, ते ह्येनं व्हय?”

“व्हय, मामा.”

“मला वाटलं बिरोबानं बघितलं.” मग बाईंना म्हणाले, “आता हे सोडलं तर शिट्टी थांबंल?”

दुसरं कुणी असतं तर त्या वेळी छातीठोक हो म्हणून मोकळं झालं असतं. बाई म्हणाल्या, “बहुतेक थांबेल. शपथ घेऊन नाही सांगत. आठवडाभरात कळेल. आणि बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला नीट न बघता परत पाठवलं. वयाचं नाव घेतलं. माझं चुकलं.” आणि त्यांनी त्या माणसाला वाकून नमस्कार केला. डॉक्टरनं असं केल्यावर काय करायचं असतं, ते त्या अंगणात कुणालाच माहीत नव्हतं.

व्यापारी सरळ माणूस होता. तो म्हणाला, मला दुसरीकडं बी माल बघायचाय, मी काय परत येनार न्हाय, आज काय ते ठरवा. मुलगा वडिलांजवळ बसला. आता त्याचा आवाज खाली आला होता. “आबा, गोळ्या सुटल्या की गुडघं परत धरत्यात. शिट्टी थांबंल ओ, पर मेंढरामागं कोन जाईल?”

वाघरीतली मेंढरं तेवढी हलत होती.

“मी जाती,” सून म्हणाली.

म्हाताऱ्यांनी तिच्याकडं बघितलं. मग व्यापाऱ्याला म्हणाले, “पावनं, च्या पिऊन जावा.”

तो चहा पिऊन रिकामा टेंपो घेऊन गेला.

त्यानंतरचा आठवडा बाईंनी कसा काढला ते मी बघितलंय. मला फोन करू देत नव्हत्या. त्यांच्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडून गुडघ्यांचे व्यायाम लिहून घेऊन पाठवले होते, शेकायला सांगितलं होतं, पण कानाबद्दल विचारायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं. सारखं विचारलं की माणूस सारखं ऐकत बसतो, आणि मग नसलेलंही वाजतं. फोन वाजला की मात्र त्याच आधी उचलायच्या. आज तो दवाखाना बंद झालाय, हात कापतात म्हणून बाईंनीच तो बंद केला, आणि त्या धारवाडला भावाकडं असतात. मी एका मोठ्या रुग्णालयात काम करते. तिथलं यंत्र आमच्या यंत्रापेक्षा कितीतरी चांगलं आहे. पण कुणाच्या कानासाठी असा जीव टांगणीला लागलेला मी पुन्हा बघितला नाही.

त्या आठवड्यानंतर मेंढकेबाबा आले ते रविवारीच. सांगितल्याशिवाय, सकाळी सकाळी. या वेळी बरोबर सून होती. म्हातारे काठीवर भार देऊन, लंगडत पायऱ्या चढले. मी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज सोडायला लागले. मागच्या वेळी ज्या बारीक आवाजांना त्यांनी बटण दाबलं नव्हतं, तिथंही बटणाचा दिवा माझ्यापुढं लागायला लागला. मी काचेतून बाईंना मान हलवून सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, अजिबात न लपवता.

“शिट्टी?” त्यांनी विचारलं.

“थांबली की. आदी बारीक झाली, मंग एक दिस बगितलं तर न्हाईच.”

“गुडघे?”

“ते दुखत्यात. दुखू द्या.” म्हातारे हसले. “मी बांदावर बसतो, बाई. मागं चालती ही. लई लांब जाती मेंढरं घिऊन, पार वड्याच्या पल्याड. दिसत बी न्हाय. पर मला कळतंय कुटं हाय ती.”

“घुंगरांवरनं?”

“घुंगराचं ऱ्हाऊ द्या.” त्यांनी सुनेकडं बोट केलं. “ही चालता चालता गुनगुनती. लगीन हून आमच्या घरी आली त्येला किती वरसं झाली, मी कवा ऐकलंच न्हवतं. चुलीफुडं बी गुनगुनती. तवा तर कान चांगलं हुतं की माजं.”

सुनेनं पदर तोंडावर घेतला. बाई माझ्याकडं वळल्या. “पंखा बंद कर गं.”

मी पंखा बंद केला, खिडकीही लावली. “म्हण बघू,” बाई तिला म्हणाल्या. ती मान हलवत राहिली, हसत राहिली, काही केल्या गुणगुणेना. पण म्हातारे काठी उभी धरून, मान जराशी तिरकी करून, वाट बघत बसले होते. आणि त्यांच्या शेजारी बाईही तशाच.